सांभाळ

दोन वर्षांपूर्वीं ज्येष्ठ-आषाढाचे महिने आम्हीं उभयतांनीं ऑस्ट्रेलियांत काढले. येथें पाऊस कोसळत होता तेव्हां तेथें थंडी पडली होती, आणि पुण्याहून नेलेल्या छत्र्या पेटींतच ठेवून आम्ही विजेच्या शेगडीपाशीं हात शेकीत बसत होतों.

आमची धाकटी कन्या न्यू साउथ वेल्स प्रांताच्या किनाऱ्यावरील एका लहान गांवीं परिचारिका आहे. वृद्धांसाठीं चालविलेल्या एका निवासांत ती काम करते. त्या देशांत अशा निवासांतून राबणाऱ्या हातांत भारत, नेपाळ आणि फिलिपाइन्स येथून गेलेल्या तरुण-तरुणींचे हात पुष्कळ आहेत. आमच्या पिढीनें मोठ्या हौसेनें मुलें परदेशीं धाडलीं. तीं तेथें परक्या म्हाताऱ्यांचीं पांघरुणें सारखीं करतात, आणि येथें आपलीं पांघरुणें सारखीं करावयास आम्ही पगारी माणूस शोधतों. पण तो विषय निराळा. आज सांगावयाचें आहे तें त्या निवासांतील एका वृद्ध गृहस्थांविषयीं. आणि त्यांच्या निमित्तानें थोडेंसें स्वतःविषयीं.

हे गृहस्थ त्या भूमीचे मूळचे रहिवासी, म्हणजे तेथील आदिवासी. वय पंचाहत्तरीच्या आसपास, देह उंच, पण वांकलेला, बोलणें थोडें. त्यांच्या समाजांत वडीलधाऱ्या माणसास नुसत्या नांवानें हांक मारीत नाहींत. पुरुषाला 'अंकल' आणि स्त्रीला 'आंटी' म्हणावयाचें, मग रक्ताचें नातें असो वा नसो. शब्द इंग्रजांचे, पण रीत इंग्रजांची नव्हे. आमच्या मुलीला ती रीत कोणी शिकवावी लागली नाहीं. शेजारचे काका आणि समोरच्या मावशी यांच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या मुलीला त्यांत नवें तें काय? तीहि त्यांना अंकल म्हणूं लागली. आम्हीहि येथें तसेंच म्हणतों, कारण त्यांचें नांव छापण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

अंकलच्या खोलीचा क्रमांक चौदा होता. एके दिवशीं सकाळीं नवीनच कामास लागलेला एक मुलगा चहाची गाडी ढकलीत चालला होता. कोणीतरी मागून ओरडून सांगितलें, "चौदा नंबरचा चहा राहिला!" बोलणाऱ्याच्या मनांत कांहीं नव्हतें, रुग्णालयांतून, खाणावळींतून, आमच्या कचेऱ्यांतूनहि माणसें अशींच बोलतात. पण पेल्याकडे गेलेला अंकलचा हात तेथेंच थांबला आणि मागें आला. त्या दिवशीं त्यांनीं चहा घेतला नाहीं, दुपारीं जेवण घेतलें नाहीं, रात्रीं खोलीचें दार लावूं दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं चादर बदलतांना उशीखालीं पावाचे चार तुकडे निघाले. नोंदवहींत लिहिलें गेलें: अन्न नाकारतात, स्वभाव हट्टी, विस्मरणाचा आरंभ असावा.

आमच्या मुलीला ती नोंद पटली नाहीं. रविवारीं अंकलची भाची भेटावयास येत असे, तीहि साठीची. तिला मुलीनें बाजूस घेऊन विचारलें. भाची कांहीं वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "लहानपणीं त्यांना ज्या संस्थेंत ठेवलें होतें तेथें नांवानें कोणी हांक मारली नाहीं. नंबर होता. तुम्ही नंबर म्हणूं नका, एवढें केलेंत तरी पुरे." पावाविषयीं विचारण्याची गरज उरली नाहीं. उपाशी ठेवलेल्या मुलाला भाकरतुकडा लपविण्याची संवय लागते, आणि तें मूल म्हातारें झालें तरी ती सुटत नाहीं.

ही संस्था कोणती, हें आम्हीं विचारलें नाहीं. परंतु अशा संस्थांचा इतिहास आतां त्या देशांत लपलेला नाहीं. १७८८ सालीं इंग्रजांचें पहिलें आरमार सिडनीच्या खाडींत येऊन उभें राहिलें. तेथें माणसें राहत आहेत हें त्यांच्या डोळ्यांस दिसत होतें. त्यांच्या कायद्यास मात्र तें दिसलें नाहीं. भूमि कोणाचीच नव्हे असें धरून चालण्यांत आलें, आणि ही समजूत तेथील सर्वोच्च न्यायालयानें खोडून काढण्यास १९९२ साल उजाडावें लागलें. भूमि गेल्यावर माणसें राहिलीं, आणि त्यांचें काय करावें हा प्रश्न राज्यकर्त्यांपुढें आला. न्यू साउथ वेल्समध्यें १८८३ सालीं एक मंडळ स्थापन झालें. त्याचें नांव मोठें मायेचें होतें: आदिवासी संरक्षक मंडळ. १९०९ सालीं त्याला कायद्याचें बळ मिळालें. १९१५ सालच्या दुरुस्तीनें, न्यायालयाची पायरी न चढतां, आईबापांच्या हातांतून मूल काढून नेण्याचा अधिकार या संरक्षकांस प्राप्त झाला.

मुलांनीं आपली भाषा, आपली माणसें आणि आपली जमीन विसरावी, आणि गोऱ्यांच्या शेतावर व स्वयंपाकघरांत उपयोगी पडावें, हा त्यामागील हेतु. केम्प्सी गांवाजवळ किंचेला येथें १९२४ ते १९७० पर्यंत मुलांची अशी एक संस्था चालू होती. तेथें मुलांना नांवाऐवजीं नंबर असे. १९९७ सालीं राष्ट्रीय चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९१० ते १९७० या साठ वर्षांत आदिवासींच्या दर दहा मुलांपैकीं निदान एक, आणि कदाचित् दर तिनांपैकीं एक, अशा प्रकारें नेलें गेलें असा अंदाज त्यांत दिलेला आहे. या मुलांना तेथें 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात. १३ फेब्रुवारी २००८ रोजीं पंतप्रधान केविन रड यांनीं पार्लमेंटांत उभें राहून त्यांची क्षमा मागितली. क्षमा मागितली गेली तेव्हां अंकल साठीच्या उंबरठ्यावर होते. आज त्या पिढ्यांतील जीं माणसें हयात आहेत तीं सगळींच पन्नाशीच्या पुढचीं आहेत. म्हणजे हा प्रश्न आतां मुलांचा राहिला नसून म्हाताऱ्यांचा झाला आहे.

येथें एक लहानशी गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. सरकारी वृद्धसेवा मिळण्याचें वय तेथें सर्वसाधारण नागरिकांस पासष्ट आहे, आदिवासींस पन्नास. वाचणारास ती सवलत वाटेल. वस्तुतः ती कबुली आहे. त्या लोकांना म्हातारपण लवकर गांठतें, हें सरकारनेंच त्या आंकड्यानें लिहून दिलें आहे.

अंकलना आम्ही दोनदां भेटलों. व्हरांड्यांत ऊन आलें कीं ते तेथें खुर्ची घेऊन बसत. मुलीनें ओळख करून दिली तेव्हां त्यांनीं आमच्या नोकरीविषयीं विचारलें नाहीं, कीं प्रवासाविषयीं विचारलें नाहीं. पहिला प्रश्न केला तो असा: "तुमचीं माणसें कोणतीं? गांव कोठलें?" कोंकणांत एस्. टी.च्या बांकावर शेजारीं बसलेला म्हाताराहि हेंच पहिल्यानें विचारतो. आम्ही परदेशांत आहोंत याचा आम्हांस क्षणभर विसर पडला. राजापूरकडचें आमचें गांव, खाडी, भाताचीं खांचरें, हें सर्व आम्हीं सांगितलें. त्यांनीं खाडींतल्या मासळीची चौकशी केली. बोलतां बोलतां असें निघालें कीं आम्ही ज्याला बोय म्हणतों तोच मासा थंडीच्या दिवसांत त्यांच्या किनाऱ्यानें थवेच्या थवे उत्तरेकडे जातो, आणि तो येण्याच्या खुणा त्यांना त्यांच्या आजोबांनीं सांगितल्या होत्या. "सहाव्या वर्षापर्यंत जेवढें शिकलों तेवढेंच माझ्यापाशीं आहे," ते म्हणाले. "नंतर जें शिकविलें तें त्यांचें." तेवढ्यांत बाहेरचें फाटक कोणीतरी लावलें. त्यांनीं तिकडे न पाहतांच म्हटलें, "हें फाटक त्या फाटकासारखेंच वाजतें."

त्या निवासांतील व्यवस्थेंत कांहीं न्यून होतें असें म्हणतां येणार नाहीं. खोल्या स्वच्छ, अन्न वेळच्या वेळीं, औषधें मोजून. परंतु ओळीनें मांडलेल्या खाटा, घंटा, ठरलेल्या वेळीं स्नान, दारावर नंबर आणि रात्रीं कुलूप, या ज्या गोष्टींना आपण व्यवस्था म्हणतों त्यांनाच एके काळीं संरक्षण म्हणत असत. ज्याचें बालपण संस्थेंत गेलें त्याला म्हातारपणीं पुन्हां संस्थेंत आणून ठेवणें, हें आपल्या दृष्टीनें सांभाळणें. त्याच्या दृष्टीनें तें पुन्हां पकडलें जाणें आहे. न्यू साउथ वेल्समधील आदिवासी वृद्धांच्या एका अभ्यासांत, ज्यांनीं बालपणीं अधिक आघात सोसले त्यांच्यांत म्हातारपणीं बुद्धिभ्रंशाचें प्रमाण अधिक आढळलें. शरीर आणि मन यांच्या हिशेबाच्या वह्या निराळ्या नसतात. सहाव्या वर्षीं काढलेलें कर्ज पंचाहत्तराव्या वर्षींहि फिटलेलें नसतें.

त्या देशाच्या वायव्येस किंबर्ली नांवाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. तेथील आदिवासी वृद्धांना बुद्धिभ्रंश झाला आहे कीं नाहीं हें पाहण्यास शहरी डॉक्टरांचे प्रश्न निरुपयोगी ठरले. ज्यानें शाळा पाहिली नाहीं, इंग्रजी ज्याची तिसरी-चौथी भाषा, त्याला तारीख विचारून काय कळणार? तेव्हां तेथील लोकांशीं विचारविनिमय करून निराळी परीक्षा तयार करण्यांत आली. या वस्तीचें नांव काय? हा आठवडा पेन्शनचा आहे का? एक कंगवा, एक पत्र्याचा पेला आणि एक आगपेटी दाखवावयाची, त्यांच्या देखत लपवावयाची, आणि मग कोठें ठेवल्या तें विचारावयाचें. अशा न्याय्य परीक्षेनेंहि पंचेचाळीस वर्षांवरील शंभरांपैकीं सुमारें बारा माणसांत बुद्धिभ्रंश आढळला. इतर ऑस्ट्रेलियन लोकांच्या मानानें हें प्रमाण पांचपट होतें. २००८ सालीं हें प्रसिद्ध झालें. रोग खरा होता. परंतु तो मोजण्यापूर्वीं माणसाला त्याच्याच जगांतले प्रश्न विचारावयाचे असतात, एवढी अक्कल तेथील वैद्यांस आली.

मुलीनें हें आम्हांस सांगितलें त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. वडील वारल्यावर आम्हीं राजापूरकडच्या घराला कुलूप लावलें आणि आईला पुण्यास, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरीं आणलें. गांवांतल्या चार माणसांनीं आमची पाठ थोपटली. पहिल्या वर्षीं ती गप्प होती. दुसऱ्या वर्षीं दिवेलागणी झाली कीं ती दोन लुगड्यांचें गांठोडें बांधून दाराशीं बसूं लागली. "मला घरीं पोंचवा" म्हणे. आम्ही म्हणत असूं, "आई, हेंच तुझें घर." एका नामांकित डॉक्टरांनीं तिला तारीख विचारली, वार विचारला, पंतप्रधान कोण तें विचारलें. तिला एकहि सांगतां आलें नाहीं. आम्ही खालीं मान घालून तेथें बसलों होतों. घरामागचा कोणता फणस बरका आणि कोणता कापा, कोणत्या कलमाला कोणत्या सालीं मोहर जळला, कोणत्या वाटेनें गेल्यास पऱ्ह्याला पाणी कमी, हें तिला कोणीं विचारलें असतें तर ती शंभर गुण घेऊन उठली असती. तें विचारण्याचें आम्हांसहि सुचलें नाहीं. तिसऱ्या वर्षीं ती पुण्यांतच गेली. गांठोडें दाराशींच होतें.

येथें एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, नाहींतर आमच्या हातून एक निराळाच अन्याय होईल. आमची आई आणि अंकल यांचीं दुःखें एका मापाचीं नव्हेत. आमच्या आईला कोणीं पळवून नेलें नव्हतें. तिचें घर सातबाऱ्यावर तिच्याच नांवानें होतें. तिच्या उशाशीं जीं माणसें बसलीं होतीं तीं तिचीच भाषा बोलत होतीं. अंकलच्या बाबतींत यांतली एकहि गोष्ट खरी नाहीं. घरीं पोंचवा म्हणावें, तर घर कोठें राहिलें होतें? साम्य आहे तें एवढ्यापुरतेंच कीं, त्यांना नेणारे सरकार आणि आईला आणणारे आम्ही, दोघांनींहि तें हिताचें आहे असें आधीं ठरविलें, आणि ज्याचें हित करावयाचें त्याला शेवटपर्यंत कांहीं विचारलें नाहीं.

विचारलें असतां काय होऊं शकतें, याचें एक उदाहरण त्याच देशांत घडलें आहे. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटांत, ॲलिस स्प्रिंग्सपासून सुमारें पांचशें किलोमीटर पश्चिमेस, किंटोर नांवाची पिंटुपी लोकांची वस्ती आहे. या लोकांना पूर्वीं त्यांच्या मुलुखांतून काढून दूरच्या सरकारी वस्त्यांवर आणलें होतें. १९८१ सालीं ते होऊन परत गेले. परंतु रेशनचा मैदा, साखर आणि चहा यांवर ज्या पिढ्या वाढल्या त्यांना मूत्रपिंडाचे विकार जडले. आठवड्यांतून तीनदां यंत्रावर रक्त शुद्ध करावयाचें, आणि यंत्र शहरांत! म्हणून वडीलधारीं माणसें पुन्हां आपला मुलूख सोडून ॲलिस स्प्रिंग्सला जाऊन राहूं लागलीं आणि तेथेंच मरूं लागलीं. मुलांना गाणीं आणि पाणवठे शिकविणारें कोणी वस्तीवर उरेना. तेव्हां तेथील चित्रकार स्त्रीपुरुषांनीं मिळून मोठीं चित्रें काढलीं. २००० सालीं सिडनी येथें त्यांचा लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. २००४ सालीं किंटोर येथें यंत्र सुरू झालें, आणि माणसें घरीं आलीं. ॲलिस स्प्रिंग्समधील त्यांच्या जांभळ्या रंगाच्या घरावरून त्या संस्थेला 'जांभळें घर' हेंच नांव पडलें. पुढें तिनें यंत्रें बसविलेली एक मालमोटार तयार केली. जेथें कायमचें यंत्र नाहीं तेथें ती जाते, म्हणजे एखाद्या उत्तरकार्यासाठीं किंवा नुसतें नातवंडांना पाहण्यासाठीं कां होईना, म्हाताऱ्यांना आठ दिवस आपल्या मुलुखांत राहतां येतें. त्या लोकांना औषध नको नव्हतें. औषधाच्या मोबदल्यांत मुलूख द्यावयाचा नव्हता.

सरकारासहि हें हळूहळू उमगत आहे. वृद्धसेवेची चौकशी करणाऱ्या आयोगानें २०२१ सालीं आदिवासींची सेवा शक्य तेथें त्यांच्याच संस्थांच्या हातीं देण्याचा आग्रह धरला, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्यांत, आपल्या समाजाशीं आणि मुलुखाशीं नातें राखणें हा त्या वृद्धांचा हक्क म्हणून लिहिला गेला. कागदावरचा हक्क खाटेपर्यंत पोंचण्यास किती वर्षें लागतात, हें आम्हां भारतीयांना कोणीं सांगावयास नको.

आणि ही सारी कथा परक्यांची म्हणून बाजूस ठेवण्याचीहि सोय आम्हांस नाहीं. त्याच साम्राज्यानें १८७१ सालीं येथें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सबंध जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरल्या. पुढच्या कायद्यांतून त्यांचीं मुलें आईबापांपासून तोडून उद्योगशाळांत ठेवण्याचा अधिकारहि सरकारनें घेतला. सोलापुरास तारेच्या कुंपणाची अशी सेटलमेंट होती, आणि पारधी, कैकाडी आदि लोक तींत हजेरी देत जगत होते. १९५२ सालीं तो कायदा देशांतून गेला. त्या कुंपणाच्या आंत जन्मलेलीं जीं मुलें आज हयात असतील तीं सत्तरी ओलांडलेलीं आजोबा-आजी आहेत. त्यांच्या उशाखालीं काय लपविलेलें असतें, पोलिसाची शिटी ऐकून त्यांच्या हातांतला पेला थांबतो कीं काय, हें आम्हां सुशिक्षितांपैकीं कोणीं पाहिलें आहे? किंचेलाविषयीं चार गोष्टी आम्ही आज सांगूं शकतों. सोलापूर आमच्या पुण्यापासून एका रात्रीच्या प्रवासाइतकें. त्या कुंपणांतल्या एकाहि माणसाचें नांव आम्हांस सांगतां येणार नाहीं.

निघण्याच्या आदल्या दिवशीं आम्ही अंकलचा निरोप घ्यावयास गेलों. खोलीच्या दारावरील चौदाचा आंकडा काढतां येण्यासारखा नव्हता. नियमाची अडचण होती. मुलीनें त्याच्यावर बोयाच्या थव्याचें एक चित्र लावलें होतें, भाचीच्या नातवानें काढलेलें. चहा आला. देणाऱ्या मुलानें दाराशीं थांबून विचारलें, "अंकल, आतां घेतां, कीं मग?" अंकल म्हणाले, "मग." मुलगा गेला आणि पंधरा मिनिटांनीं परत आला. मग त्यांनीं घेतला. निवासाच्या वेळापत्रकांत पंधरा मिनिटांचा घोळ झाला असेल. दुसरी कांहीं हानि झालेली दिसली नाहीं.

परवां मुलीचा फोन आला होता. अंकलना आतां दर शुक्रवारीं भाचीचीं माणसें नदीच्या मुखावर घेऊन जातात. इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्हां दोघांना पुढें कोठें राहायला आवडेल? पुण्यांत, गांवीं, कीं माझ्याकडे? आतां सांगूं नका, पण विचार करून ठेवा." आम्हीं एकमेकांकडे पाहिलें. उत्तर आमच्यापाशीं नव्हतें आणि अद्यापहि नाहीं. गांवचें घर पंधरा वर्षें बंद आहे, आणि तिकडचा दवाखाना दूर. परंतु आमच्या सौ. रात्रीं दिवा मालवतांना म्हणाल्या, "पोरीनें विचारलें, हें बरें केलें."